"बेरीज करू की गुणाकार?" असं विचारणाऱ्या मुलांना शाब्दिक उदाहरणं कशी शिकवावीत

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी चौथीत आहे. वीसपर्यंत पाढे पाठ आहेत, मांडून दिलेली वजाबाकी किंवा भागाकार बरोबर सोडवते. शाब्दिक उदाहरण समोर आलं की मात्र लगेच विचारते, "आई, यात बेरीज करायची की गुणाकार?" चाचणीत अशी निम्मी उदाहरणं चुकतात. पुढं शिष्यवृत्तीला बसवायचं आहे, तर घरी काय करून घ्यावं?

पहिलं काम तुमचंच आहे. ती विचारते तेव्हा "गुणाकार कर" असं सांगणं बंद करा. तुम्ही क्रिया सांगितलीत की उदाहरणातला अवघड भाग तुम्ही सोडवला आणि तिच्या वाट्याला फक्त आकडेमोड राहिली, जी तिला आधीपासून येतेच. परीक्षेत नेमका तो पहिला भागच विचारलेला असतो. त्याऐवजी तिला विचारा, "यात घडलंय काय?" क्रिया कोणती हा प्रश्न त्यानंतरचा.

बहुतेक मुलांनी एक चोरवाट शिकलेली असते, आणि ती बऱ्याचदा मोठ्यांनीच शिकवलेली असते. "एकूण" दिसलं की बेरीज, "उरले" दिसलं की वजाबाकी, "प्रत्येकी" दिसलं की गुणाकार. दुसरीपर्यंत हे चालून जातं. चौथीत ते फसतं. ही तीन उदाहरणं आज घरी देऊन बघा:

शाळेत एकूण 412 विद्यार्थी आहेत. त्यांत 197 मुली आहेत. मुलगे किती?

डेअरीत 265 लिटर दूध विकलं आणि 85 लिटर उरलं. सुरुवातीला किती दूध होतं?

गोठ्यात 8 म्हशी आहेत. म्हशी गाईंपेक्षा 3 ने जास्त आहेत. गाई किती?

पहिल्यात "एकूण" आहे, पण वजाबाकी करावी लागते (215). दुसऱ्यात "उरलं" आहे, पण बेरीज लागते (350). तिसऱ्यात "जास्त" बघून मुलं 8 आणि 3 मिळवून 11 गाई करतात, उत्तर आहे 5. तिन्ही चुकली तर समजा की मुलगी वाक्य वाचतच नाही, फक्त खुणेचा शब्द आणि दोन आकडे उचलते. हा दोष आकडेमोडीचा नाही, त्यामुळं भागाकाराची पन्नास उदाहरणं करून घेतली तरी तो जाणार नाही.

यावर घरी करण्यासारखे दोन उपाय आहेत, आणि दोन्हीला कागद-पेन्सिलीपलीकडं काही लागत नाही.

एक, आकडे काढून उदाहरण सांगायचं. "काही मुलं पन्हाळ्याला सहलीला निघाली. एका बसमध्ये ठरावीक मुलं बसतात. बस किती लागतील ते कसं काढशील?" आकडेच नसले की झटकन मिळवायला किंवा गुणायला काही हाताशी राहत नाही, गोष्ट ऐकावीच लागते. तिनं "सगळ्या मुलांचे एका बसमध्ये मावतील तेवढे गट करायचे" असं काहीतरी तिच्या शब्दांत सांगितलं, की मग आकडे द्या. सुरुवातीचे दोन आठवडे रोज एक उदाहरण असंच तोंडी घ्या.

दोन, पट्टी काढायची. चित्र नव्हे. मुलांना चित्र काढायला सांगितलं की ती म्हशीची शिंगं रंगवत बसतात. नुसती आडवी पट्टी पुरते. वरच्या गोठ्यात आधी म्हशींची पट्टी, तिच्यावर 8. आता विचारा, "गाईंची पट्टी लांब की आखूड?" प्रश्न इथंच सुटतो. गाईंची पट्टी आखूड, आणि जेवढी आखूड ती जागा 3. एकूण-भाग प्रकारात एकच पट्टी, तिचे दोन तुकडे: पूर्ण माहीत असेल तर तुकडा वजाबाकीनं, दोन्ही तुकडे माहीत असतील तर पूर्ण बेरजेनं. "पट" आली की एकसारखे चौकोन. आईचं वय मुलाच्या वयाच्या 4 पट, दोघांचं मिळून 45 वर्षं: मुलाचा एक चौकोन, आईचे चार, मिळून पाच चौकोनांत 45, म्हणून एका चौकोनात 9. मुलगा 9 वर्षांचा, आई 36 वर्षांची. हेच उदाहरण मोठी माणसं "क्ष मानू" म्हणून सोडवून दाखवतात. चौथीच्या मुलासमोर क्ष आणू नका, त्याला चौकोन दिसतात.

पायऱ्या दोन असतील तर मुलं हमखास पहिल्या पायरीवर थांबतात. "दुकानदारानं 12 पिशव्यांचे 15 क्रेट घेतले. 147 पिशव्या विकल्या. किती उरल्या?" 12 गुणिले 15 बरोबर 180 आलं की खाली रेघ मारून मोकळी. गुणाकार बरोबर आला याचा आनंद असतो, प्रश्न काय होता ते विसरलेलं असतं. म्हणून सोडवायला घेण्याआधी शेवटचं वाक्य वाचून उत्तराची ओळ अर्धी लिहून ठेवायची सवय लावा: "उरलेल्या पिशव्या = ____". 180 लिहायला गेली की ती ओळच तिला अडवते. मग मधला न विचारलेला प्रश्न तिलाच शोधायला लावा: उरलेल्या सांगायच्या तर आधी काय माहीत पाहिजे? एकूण पिशव्या. शेवटी 180 − 147 = 33.

भागाकारातल्या बाकीवर वेगळा वेळ द्या. आकडेमोड बरोबर येऊनही गुण जातात ते इथंच. 137 मुलं, एका बसमध्ये 45 जागा: भाग 3, बाकी 2, पण बस लागतील 4, कारण दोन मुलांना रस्त्यावर सोडता येत नाही. 475 किलो गुळाचे 10 किलोचे रवे (म्हणजे ढेपा) भरायचे: भाग 47, बाकी 5, पूर्ण रवे 47 च, 48 नव्हेत. आणि "किती गूळ शिल्लक राहील?" असं विचारलं तर उत्तर 5 किलो, म्हणजे बाकीच. तीच क्रिया, पण बाकी कधी उत्तरात एक वाढवते, कधी सोडून द्यावी लागते, कधी तीच उत्तर असते. एकाच भागाकारावर तीन प्रश्न विचारून बघा, आठवड्याभरात फरक जाणवतो.

आता आकडेमोड. "मांडून दिलेलं बरोबर येतं" असं तुम्ही म्हणता, पण उदाहरणांत शून्य घालून तपासा. मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. चुकलेलं उत्तर बघून नेमकं काय बिघडलं ते ओळखता येतं.

5003 − 1867 द्या. उत्तर 4864 आलं तर ती प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करते आहे, वर काय आणि खाली काय याच्याशी तिला देणंघेणं नाही. ती शून्यांपाशी थांबून "आता हातचा कुणाकडनं घेऊ?" असं विचारत असेल तर स्थानिक किंमत कळते आहे, फक्त रस्ता लांब पडतो आहे. दोघींना एकच गोष्ट दाखवा: 5003 म्हणजे दहाच्या 500 नोटा आणि 3 सुटे. एक नोट मोडली की 499 नोटा आणि 13 सुटे. म्हणजे वर 4, 9, 9, 13 एकदम लिहून घ्यायचं, मग चारही घरं सरळ सुटतात: 3136. पडताळा म्हणून 3136 आणि 1867 मिळवायला लावा.

3624 ÷ 6 ला 64 लिहिणारी मुलं वर्गागणिक असतात. 36 ला भाग गेला, 2 खाली घेतला, 2 ला 6 चा भाग जात नाही, म्हणून लगेच 4 खाली घेऊन 24 ला भाग लावला. मधला शून्य लिहिलाच नाही. "शून्य लिहायला विसरू नको" हे सांगून उपयोग होत नाही, विसरणाऱ्याला विसरल्याचं कळत नसतं. भागाकार सुरू करण्याआधी उत्तराची घरं आखून घ्या. पहिला भाग 36 शतकांना जातो, म्हणून उत्तर शतकापासून सुरू, म्हणजे तीन घरं. दोन अंक लिहून झाले आणि एक घर रिकामं राहिलं तर चूक समोर दिसते.

दोन अंकी गुणाकारात दुसऱ्या ओळीचा शून्य सुटतो. 47 × 36 ला 282 च्या खाली 141 लिहून 423 करतात. खरं उत्तर 282 + 1410 = 1692. इथं अंदाजाची सवय कामाला येते: 47 जवळजवळ 50, 36 जवळजवळ 40, म्हणजे उत्तर 2000 च्या आसपास. 423 तिथं बसतच नाही. अंदाज उदाहरणाच्या कोपऱ्यात आधीच पेन्सिलीनं लिहायचा. उत्तर काढून झाल्यावर केलेला अंदाज मुलं उत्तराला जुळवून घेतात, त्याचा काही उपयोग नाही.

पाढ्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. सत्तावीसचा पाढा तालात म्हणता येतो, पण सात आठे किती विचारल्यावर सात एके सातपासून सुरुवात करावी लागते, अशी मुलं खूप. परीक्षेत दुसरी गोष्टच लागते. दहापर्यंतचे पाढे आडवेतिडवे विचारा, उलटेही: 56 कुणाकुणाच्या पाढ्यात येतो? अडलं तर आधार घ्यायला शिकवा: सात दाहे सत्तर, त्यातून दोन साते चौदा गेले, 56. सहा, सात, आठ, नऊ एवढे पक्के झाले तरी पुष्कळ झालं. तीसपर्यंतचे पाढे सुट्टीत.

मोजमापात एकच चूक निरनिराळ्या रूपांत येते: हातचा घेतला की मुलं तो नेहमी दहाचाच धरतात. हे शिकवायला कोल्हापुरात चांगलं साधन आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी घराघरात फूट-इंचात बोलली जाते, इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी 38 फूट 7 इंचांवर आहे, धोक्याला किती कमी? 43 मधून 38.7 वजा केल्यासारखं करून पोर 4 फूट 3 इंच म्हणेल. पण मोडलेला एक फूट 12 इंचांचा असतो: 42 फूट 12 इंच वजा 38 फूट 7 इंच, म्हणजे 4 फूट 5 इंच. आपण काय मोडतोय आणि त्यातून किती सुटे मिळतात, हा प्रश्न इथं पक्का झाला की किलोत, तासात, रुपयांत तोच विचारायचा.

वेळेची वजाबाकी मात्र उभ्या मांडणीत करूच नका. शाळा 10:45 ला भरली, 1:20 ला सुट्टी झाली. उभ्या मांडणीत 13.20 − 10.45 करून "2 तास 75 मिनिटं" येतात. उड्या मारायला शिकवा: 10:45 ते 11 पंधरा मिनिटं, 11 ते 1 दोन तास, पुढं वीस मिनिटं. मिळून 2 तास 35 मिनिटं. याच्याबरोबरच सव्वा, साडे, पावणे तोंडात बसवा. "पावणेचार" ऐकून 4:45 लिहिणारी मुलं शहरात आता बरीच आहेत, कारण घरात सगळे "तीन पंचेचाळीस" म्हणतात. बाजारात गेल्यावर सव्वा किलो कांदे आणि पाऊण किलो टोमॅटो तिलाच मागू द्या आणि ग्रॅम विचारा. तसंच 3 किलो 50 ग्रॅम म्हणजे 3050 ग्रॅम, 350 नव्हे. 2 लिटर 75 मिलिलिटर म्हणजे 2075. सुट्या भागाला तीन घरं असतात, रिकाम्या घरात शून्य.

संख्यावाचनही एकदा तपासून घ्या. एकोणसत्तर ऐकून 79 लिहिणं, त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशीत गोंधळ होणं, ही चूक गणिताची वाटते पण असते कानाची. "एकोण" म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी, एवढं सांगून 19 ते 89 सगळे एकोण एका दमात लिहायला लावा, आणि 99 चं नाव (नव्व्याण्णव) तेवढं वेगळं आहे हेही दाखवा.

अपूर्णांकांची बेरीज चौथीत छेद समान असतानाच असते, म्हणून तोपर्यंत धडधड जमते. पुढं छेद वेगळे झाले की 1/2 + 1/3 ला 2/5 लिहिलं जातं. लगेच समच्छेदाची रीत सांगायला जाऊ नका. आधी विचारा, 2/5 अर्ध्यापेक्षा मोठा की लहान? लहान. मग अर्ध्यात आणखी मिळवल्यावर कमी कसं झालं? हा धक्का बसू द्या. मग वहीच्या 12 चौकटींची एक पट्टी घ्या: अर्धा म्हणजे 6, तिसरा हिस्सा 4, मिळून 10 चौकटी, 10/12, म्हणजे 5/6. भाकरी किंवा पोळीचे तुकडे करून दाखवणं अर्ध्या-पावापर्यंत ठीक आहे. गोलाचे तीन सारखे भाग मोठ्यांनाही नीट करता येत नाहीत, आणि भाग सारखे नसले तर मूल चुकीचंच शिकतं.

परिमिती आणि क्षेत्रफळ सूत्रानं पाठ केलं की अदलाबदल होते. तालमीतला कुस्तीचा हौदा डोळ्यांसमोर आणा: 8 मीटर लांब, 5 मीटर रुंद. कडेनं फळ्या लावायच्या तर 26 मीटर, लाल माती पसरायची जागा 40 चौरस मीटर. चौकटीच्या वहीवर 8 × 5 आखून कडेवर बोट फिरवायला लावा आणि आतल्या चौकटी मोजायला लावा, एवढं पुरतं.

शिष्यवृत्तीत आवडीनं विचारला जाणारा एक प्रकार: 100 मीटर रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोकं धरून, दर 10 मीटरवर झाड. झाडं किती? मुलं 10 म्हणतात. अंतरं 10 आहेत, झाडं 11. हाताची पाच बोटं आणि त्यांतल्या चार फटी दाखवल्या की पटतं. तेच रंकाळ्यासारख्या तळ्याच्या काठानं पूर्ण फेरी मारून लावली तर शेवटचं अंतर पहिल्या झाडापाशी येऊन मिळतं, त्यामुळं झाडं आणि अंतरं सारखीच. उलटा प्रश्नही देऊन बघा: 11 झाडं आहेत, दोन झाडांत 10 मीटर अंतर, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत किती?

सेमी-इंग्रजीच्या मुलांचं दुखणं वेगळं असू शकतं. तिला "हाऊ मेनी मोअर दॅन" हे वाक्यच कळत नसेल तर गणितावर मेहनत घेऊन काही होणार नाही. तपासणं सोपं आहे: तेच उदाहरण मराठीत तोंडी सांगा. झटक्यात सुटलं तर अडचण भाषेची. मग प्रत्येक उदाहरण आधी तिच्याकडून मराठीत सांगून घ्या, सोडवू दे इंग्रजीत.

रोजचं वेळापत्रक लहान ठेवा. वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. पहिली पाच मिनिटं पाढे आडवेतिडवे, मग तीन शाब्दिक उदाहरणं. तीनच. त्यांतलं एक सोपं, एक दोन पायऱ्यांचं, आणि तिसरं तिनं स्वतः बनवलेलं: "45 − 18 वापरून एक गोष्ट तयार कर, पण त्यात 'उरले' शब्द नको." उदाहरण बनवता येतं म्हणजे रचना कळली. चुकीचं उत्तर खोडरबरानं पुसू देऊ नका. त्याच्यावर एक आडवी रेघ, शेजारी दुरुस्ती, आणि समासात एक अक्षर: वाचनाची चूक "वा", मांडणीची "मां", आकडेमोडीची "आ", एककाची "ए". दोन-तीन आठवड्यांनी अक्षरं मोजा. पान "वा" नं भरलं असेल तर क्लासमधली जादा आकडेमोड वाया जाते आहे. "आ" जास्त असतील तर उलट.

शाळेच्या पेपरात मांडणीला गुण असतात, म्हणून उत्तर चुकलं तरी पायऱ्या दिसल्या पाहिजेत, आणि शेवटी एकक: लिटर, रुपये, चौरस मीटर. शिष्यवृत्तीत मांडणी कुणी बघत नाही. पहिल्या पेपरात भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. भाषेला 25 मिनिटं दिली तर गणिताच्या एका प्रश्नाला 78 सेकंद मिळतात, त्यातही गोल रंगवायचा. त्यामुळं दोन फेऱ्या: पहिल्या फेरीत बघताक्षणी वाट दिसली तेच सोडवायचे, बाकीच्यांना प्रश्नपत्रिकेवर खूण करून पुढं जायचं. चुकीचे पर्याय सहसा वर सांगितलेल्या चुकांवरूनच बनवलेले असतात. 3624 ÷ 6 असेल तर पर्यायांत 64 असणारच, म्हणून "माझं उत्तर पर्यायात सापडलं" हा बरोबर असल्याचा पुरावा नाही. पर्यायांचा खरा उपयोग वगळण्यासाठी: 47 × 36 चा एककाचा अंक 2 च येणार, अंदाज 2000 च्या आसपास, एवढ्यावरच दोन-तीन पर्याय गळतात. वयाच्या उदाहरणात तर पर्याय उलटा घालून बघणं जास्त जलद.

प्रश्न सोडून पुढं गेल्यावर उत्तरपत्रिकेवर एक ओळ घसरते आणि तिथून पुढची सगळी उत्तरं एक घर वर जातात. घरी सराव पेपर देताना गोलांची छापील उत्तरपत्रिकाच वापरा, वहीत अ-ब-क-ड लिहून नको. दर पाच प्रश्नांनी प्रश्नक्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळवून बघायचा, आणि वेळ लावून अख्खा पेपर द्यायचा तो पंधरा दिवसांतून एकदाच. दुसऱ्या दिवशी तोच पेपर वेळ न लावता पुन्हा सोडवायला द्या: काल घाईत चुकलेले आणि मुळातच न येणारे प्रश्न वेगळे होतात, आणि वीस मिनिटांत काय घ्यायचं ते त्यावरून ठरतं.